चौथ्या लेण्यातला चेहरा

मेहरूण, जळगाव
९ नोव्हेंबर २०२४

हबीबभाऊ,

जयभीम आणि सलाम दोन्ही एकदमच घे. पाच वर्षांचे साठलेत.

तू फोन उचलत नाहीस. बारा वेळा लावला, मोजून. शेवटी नाजमीनला लावला. ती म्हणाली, "काका, पत्र टाका. अब्बांचं काही सांगता येत नाही, पण पत्र फाडणार नाहीत." लेक शहाणी आहे, बापावर गेलेली दिसत नाही. आता हे पत्र ती तुला वाचून दाखवणार असेल तर तिच्या हातून घे, चष्मा लाव आणि स्वतः वाच. भडगावच्या शाळेत चौथीपर्यंत तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं होतं, ते विसरला नसशील.

मी आता प्रशीलकडे असतो. मुलगा कंपनीत, सून प्राची बँकेत. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घर माझं. तलावाला एक चक्कर मारतो, येतो, पेपर वाचतो, पुन्हा तोच पेपर वाचतो. परवा पंख्याला म्हणालो, "जरा दमानं रे." मग माझं मलाच कसंतरी झालं. पोरं वाईट नाहीत. पण त्यांना बोलायला वेळ नाही आणि मला बोलायला दुसरं कुणी नाही.

तर बातमी अशी, की घुमरीच्या दरीत दिवे बसतायत. पेपरात आलंय. चारही लेण्यांत विजेचे दिवे, नदीकाठाने फरसबंद पायवाट, वर दरी बघायला गच्ची. नव्या वर्षात सुरू. मी प्राचीला म्हणालो, "तिथे बावीस वर्षं मी आणि हबीबने ऊन आत नेलंय." ती हसली. म्हणे, "आबा, ऊन आत नेलं म्हणजे काय?" मग मी आरशाच्या जागी जेवणाचं स्टीलचं ताट घेतलं, गॅलरीत उभा राहिलो, ऊन ताटावर घेऊन आतल्या खोलीत फेकलं आणि तिला पांढरी चादर ताणून धरायला लावली. चादरीवर ऊन पडलं आणि कपाटामागची भिंत उजळली. जळमटंही दिसली, तो भाग वेगळा. ती म्हणाली, "अय्या, किती मऊ उजेड!" मी म्हणालो, "ताट म्हणजे मी, चादर म्हणजे हबीब." तेवढ्यात तिचा फोन वाजला.

तर भाऊ, मागणं एकच आहे. दिवे लागायच्या आत एकदा ये. आरसा तू धर, मला एकदा आत उभं राहायचंय. बावीस वर्षं मी बाहेरच्या कपारीवर उभा राहून चौथ्या लेण्यात उजेड टाकला आणि त्या उजेडात भिंतीवर रंगवलेली ती बाई एकदाही पाहिली नाही. तिचा चेहरा बघायचाय मला.

जमीलाभाभी गेल्या तेव्हा मला ताप होता. नाजमीनला तसं कळवलं होतं. तुला तिने सांगितलं असेलच.

तुझा
पितांबर

---

मेहरूण
१९ नोव्हेंबर

हबीबभाऊ,

दहा दिवस झाले. टपाल जळगावहून धुळ्याला पायी गेलं तरी एव्हाना पोचलं असतं. म्हणजे पत्र मिळालंय आणि तू फुगून बसलायस. बस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे तुझ्याकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असणार.

तुला वाटेल, हा खोटं बोलतो, याने पाहिलं नाही असं कसं होईल. बॅटरीच्या उजेडात पाहिलंय की. पण बॅटरीचा उजेड म्हणजे भिंतीवर पिवळा पेरू. पाय दिसले. कमळ धरलेला हात दिसला. वर चेहऱ्याकडे बॅटरी नेली की नुसता काळोख. तू म्हणायचास, "बॅटरीमा नही दिसत भाऊ, तिले ऊनच लागस." मी मान डोलवायचो. आणि ऊन दरीत उतरायचं दिवसाचा सव्वा तास, तेही दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. तेवढ्यात लेणी बघायला येणारी माणसं हाताळायची. आरसा तुझ्या हातात द्यावा तर तुझा हात स्थिर नाही, आणि खरं सांगतो, मला द्यायचाही नसायचा. मोठा आरसेवाला ना मी! नंतर इतकी वर्षं झाली की "मी पाहिलं नाही, मला दाखव" म्हणायची लाज वाटायला लागली. सगळ्यांना वाढणारा उपाशी राहिला, तर त्यात दोष पंगतीचा नसतो.

पण चेहरा मला पाठ आहे. पहिल्याच दिवशी मी बाहेरून ओरडून विचारलं होतं, "कशी शे रे?" आणि तू संध्याकाळी दगडावर बसून सगळं सांगितलंस. मान जराशी उजवीकडे कललेली, कुणी हाक मारली ती नीट ऐकू यावी म्हणून कान पुढे केल्यासारखी. डाव्या भुवईत बारीकशी खाच, चित्रकाराचा हात तिथे उचलला गेला असावा. ओठ मिटलेले, पण समोरच्याची लबाडी ओळखलीय आणि सांगायचं नाही असं ठरवलंय, तसे. मी दर वर्षी विचारायचो आणि तू दर वर्षी तेच सांगायचास, अक्षर न बदलता. म्हणून तर माझा विश्वास बसला.

दरीत उतरणाऱ्या पायऱ्यांचा कठडा अजून तसाच आहे म्हणतात. नवी पायवाट करणाऱ्यांनीही तो काढला नाही. भाभी पडल्या त्यानंतर मी अर्ज दिला होता, तुला आठवत असेल. पायऱ्यांवर शेवाळ होतं, फार शेवाळ होतं, कुणीही पडलं असतं. पहिली सही माझी होती. अकरा सह्या गोळा केल्या आणि सहा महिन्यांत कठडा झाला. त्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षं शेवाळ साचायचं आणि कुणी बघायचं नाही. एवढं शेवाळ, की काय सांगू.

ऊन आता दरीत उतरायला लागलं असेल. महिनाभर आहे हातात. ये.

पितांबर

---

मेहरूण
१ डिसेंबर

हबीब,

हे पत्र नाजमीनने वाचायचं नाही. नाजमीन, बेटा, वाचत असशील तर इथेच थांब आणि अब्बांच्या हातात दे.

मागचं पत्र टाकून घरी आलो आणि जेवण गेलं नाही. एकाच परिच्छेदात किती वेळा शेवाळ लिहिलं मी! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आता लिहून टाकतो. लिहिलं नाही तर हे माझ्याबरोबर जाईल, आणि मला ते बरोबर न्यायचं नाही.

ताप नव्हता. भाभी गेल्याचा नाजमीनचा फोन सकाळी आला आणि अकराच्या गाडीने मी निघालो. धुळ्याला स्टँडवर उतरलो. शौचालयाच्या बाजूला सिमेंटचा बाक आहे, त्यावर बसलो. तीन तास बसलो. समोरचा रसवाला दोनदा म्हणाला, "आबा, कोठे जानं शे?" मग पाचच्या गाडीत बसून परत आलो आणि तापाचा निरोप दिला.

का, ते सांगतो. भाभींना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं आणि धबधब्यापुढे उजव्या कानाचंही काही चालत नव्हतं. म्हणून तर आपली खूण ठरली होती. इकडून आरशाची एक झळक पलीकडे भाभींच्या चहाच्या टपरीच्या छपरावर मारली की भाभी दोन चहा घेऊन खाली उतरायच्या, दगडांवरून नदी ओलांडायच्या आणि आपल्या कपारीशी किटली ठेवायच्या. छपरावर मारायची झळक, माणसावर नाही. हे मीच ठरवलं होतं, मीच सगळ्यांना बजावायचो.

त्या दिवशी, जानेवारी दोन हजार सोळा, माणसं निघून गेली होती. तू आत चादर घडी करत होतास. मी एक झळक मारली. चहा आला नाही. पाच मिनिटं झाली असतील. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे, मला धीर कुठला. मी बघितलंही नाही आणि पुन्हा आरसा फिरवला. भाभी तेव्हा छपराखाली नव्हत्या. पायऱ्यांवर होत्या, मधोमध. झळक त्यांच्या तोंडावर गेली. किटली धरलेला हात त्यांनी डोळ्यांवर नेला आणि पाय पुढे पडला तो हवेत.

त्यांच्याच कपाटाचा आरसा, हबीब. लग्नात आलेल्या कपाटाचा दरवाजा मोडला म्हणून त्यांनीच काढून दिलेला.

मी ओरडलो, ते तुला आठवतंय? मी ओरडलो, "शेवाळ! शेवाळ!" माणूस पडल्यावर कुणी शेवाळाच्या नावाने ओरडतं का? "भाभी पडल्या" असं ओरडतो माणूस. तू बाहेर धावत आलास, मी आरसा उलटा करून खडकाला टेकवून ठेवला होता. पायऱ्या कोरड्या होत्या. पौष महिन्यात कसलं आलंय शेवाळ.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली, टपरी बंद झाली. तू त्यांना घेऊन नाजमीनकडे धुळ्याला गेलास आणि जाताना म्हणालास, "भेटाले येजो." मी येतो येतो म्हणत तीन वर्षं काढली. मग त्या गेल्या, आणि मी स्टँडपर्यंत आलो.

हे वाचून तू पत्र फाडलंस तर बरोबरच आहे. आता दरीत ये म्हणायला तोंड नाही मला. पण आरसा माझ्याकडे आहे. गोधडीत गुंडाळून कपाटामागे ठेवलाय. तो तुझ्या घरचा आहे, म्हणून कळवतो.

पितांबर

---

मेहरूण
१३ डिसेंबर

हबीबभाऊ,

तुझं कार्ड काल मिळालं. दोन ओळींचं कार्ड मी किती वेळा वाचलं असेल! "दरीमा आरसा लई येजो. बावीस तारीख, ऐतवार." ना सलाम, ना शिवी. शिवी असती तर बरं वाटलं असतं, निदान रागाचा अंदाज आला असता. प्राचीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "आबा, हे तुमचे मित्र आहेत का?" मी म्हणालो, "बावीस तारखेला कळेल."

आरसा बाहेर काढला. कडेचा पारा दोन ठिकाणी गेलाय, मधला शाबूत आहे. गेल्या आठवड्यात प्राची म्हणत होती की न्हाणीघरात लावू या. मी इतक्या जोरात "नाही" म्हणालो की ती घाबरली. मग मला वाईट वाटलं, तिला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. ती म्हणाली, "तुम्ही एकटे जाऊ नका, हे येतील चाळीसगावपर्यंत सोडायला." मी नको म्हणालो. काही ठिकाणी एकट्यानेच जायचं असतं.

कळण्याच्या भाकरी आणि ठेचा आणतो. तू खाल्लं नाहीस तर मी एकटा खाईन.

पितांबर

---

मेहरूण
२३ डिसेंबर

हबीबभाऊ,

काल दरीत आपण दोघं मिळून दहा वाक्यंही बोललो नाही. बाकीची सगळी नाजमीनची. म्हणून लिहायला बसलोय. समोरासमोर बोलायला मला जमत नाही, हे तू काल पाहिलंसच.

तुझे पाय किती थकलेत! कठड्याला धरून तू उतरत होतास आणि मी खाली उभा राहून बघत होतो. तुझा हात त्या कठड्यावर होता, माझ्या खोट्या अर्जाच्या कठड्यावर. मला वाटलं होतं, तू आल्याआल्या माझ्या थोबाडीत मारशील. मी गालही तयार ठेवला होता. तू नुसती आरशावरची गोधडी सोडलीस, आपल्या बाहीने काच पुसलीस आणि म्हणालास, "आज तू मझार जाय."

मी आत गेलो. साठी उलटून सात वर्षं झालेला म्हातारा, पण परीक्षेला निघालेल्या पोरासारखा सदरा नीट केला. चौथं लेणं तसंच आहे, वटवाघळांच्या वासासकट. दिव्यांच्या वायरी मात्र भिंतीच्या कडेने येऊन थांबल्यात. नाजमीनने चादर ताणली आणि बाहेरून तुझं ऊन आलं. थरथरत आलं, पण आलं. हात स्थिर नाही असं मी तुला बावीस वर्षं हिणवलं, त्याच हाताने.

आधी पाय उजळले. मग नेसणीचे काठ, किती बारीक काम, लाल अजून लाल आहे. मग कमळ. मग खांदा, मान. मान जराशी उजवीकडे कललेली, तू सांगितलंस तशीच. माझे डोळे भरून आले. मी म्हणालो, "बेटा, चादर वर घे, अजून वर." तिने घेतली. उजेड वर गेला आणि तिथे दगड होता.

मला वाटलं, उजेड कमी पडला. मी पुन्हा म्हणालो, "वर." नाजमीन म्हणाली, "काका, वर काहीच नाही. रंगाचा थर पडून गेलाय. कधीचाच गेलेला दिसतोय." मी पुढे होऊन हात लावायला निघालो आणि तिने मला थांबवलं. नुसता उघडा दगड, त्यावर छिन्नीचे घाव. कडा काळ्या पडलेल्या. आपण दरीत यायच्या किती आधी तो गळून पडला असेल, कुणास ठाऊक.

मी तिला म्हणालो, "असं कसं? तुझ्या अब्बांनी मला बावीस वर्षं सांगितलंय. कान पुढे केल्यासारखी मान. डाव्या भुवईत खाच. आणि ओठ असे, समोरच्याची लबाडी कळलीय पण बोलून दाखवायचं नाही असे."

नाजमीनच्या हातातली चादर खाली आली. ती म्हणाली, "काका, ही तर माझी अम्मी आहे. भुवईची खाच लहानपणी बैलगाडीवरून पडली तेव्हाची."

मला माहीतच नव्हतं, हबीब. बावीस वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायलो आणि भाभींच्या तोंडाकडे मान वर करून कधी बघितलं नाही. तसं बघायचं नसतं म्हणून नाही बघितलं. पहिल्या दिवशी मी मोठ्या आशेने "कशी शे?" विचारलं आणि चेहरा नाही हे सांगायला तुझी जीभ वळली नाही, एवढं आता कळतं. तेव्हा तुला जो चेहरा आठवला तो तू सांगितलास. आणि मी रोज दुपारी, आरसा हातात धरून, आत त्याच चेहऱ्यावर ऊन टाकतोय असं समजत राहिलो.

बाहेर आलो तेव्हा ऊन कपारीवरून निघून गेलं होतं, तरी तू आरसा धरूनच उभा होतास. मी तुझ्या पायाशी बसलो. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "जमीलानी माले दवाखानामाच सांगं व्हतं. म्हने, पितांबरभाऊले बोलजो नको, तो आरसा सोडी दी."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तुला ठाऊक होतं. मी सह्या गोळा करत फिरत होतो तेव्हाही ठाऊक होतं. अर्जावर अकरावी सही तुझी आहे, हबीब.

मग तू एकच विचारलंस. "पडनी ते पडनी. पन तू का बरं नही उना?"

मी तुझ्या हातातला आरसा घेऊन गोधडीत गुंडाळायला लागलो. नाजमीन म्हणाली, धुळ्याची गाडी निघेल. आरसा घेऊन जा म्हणालो, तर तू "राहू दे तुनाकडे" म्हणालास आणि कठडा धरून वर चढायला लागलास. मी भाकरीचं फडकं तसंच हातात घेऊन उभा राहिलो. तुम्ही वर दिसेनासे झालात. मग मी एकट्याने दोन घास खाल्ले आणि उरलेलं माशांना टाकलं.

उत्तर आज देतो. मी आलो नाही, कारण तू मला दार उघडशील, पाणी देशील, "बैस भाऊ" म्हणशील, हे मला माहीत होतं. राग सोसला असता मी. तुझं ते पाणी माझ्या घशाखाली उतरलं नसतं. तुझं दुःख तुला एकट्याला उचलायला लावलं आणि मी माझी लाज कुरवाळत बसलो. झळक लागली ती चूक होती. हे मात्र मी जाणूनबुजून केलं.

३ जानेवारीला, शुक्रवारी, अकराच्या गाडीने निघतो. मला भाभींची जागा दाखव. कबरस्तानात मला काय करायचं असतं ते येत नाही, तू करशील तसं तुझ्यामागे उभा राहीन. नंतर तुझ्या घरी पाणी पिईन. भाकरी या वेळी प्राची बांधून देणार आहे, तिने सांगितलंय की दोघांच्या.

धुळ्याला उतरलो की तोच बाक लागेल. गुडघे दुखतात, त्यामुळे घटकाभर बसेन. तू न्यायला आलास तर बरं वाटेल. नाही आलास, तरी या वेळी मी उठेन आणि येईन.

पितांबर